टिंब

वुनपिनी, चपला नव्या घेतल्यास, बरं केलंस,
पण त्या वाजतात.
रात्री दोनला या वॉर्डात एक चप्पल वाजली
की अकरा मुलं उठतात.
ही पहिली गोष्ट. फाईलमध्ये नाही.

फाईलमध्ये आहे ते तू वाचशीलच:
आग लागली तर कुठल्या दारानं,
कुठल्या रंगाच्या डब्यात काय,
हात धुण्याच्या पायऱ्या, चित्रांसकट.
नळाला पाणी नसेल त्या दिवसाचं चित्र
काढायचं राहून गेलंय त्यांच्याकडून.
तो निळा पिंप, तो मग.
एकीनं ओतायचं, दुसरीनं धुवायचं.
म्हणून इथं कुणाशी अबोला धरून चालत नाही.

ही बाहुली. हिला आम्ही मॅडम म्हणतो.
मी आले त्याआधीपासून हिची छाती दाबतायत सगळ्या.
आत काहीतरी निखळलंय, टकटक करतं.
हिच्या दंडात इतक्या सुया गेल्यात
की शीर कुठं आहे ते ती स्वतःच दाखवते.
चुकायचं तेवढं हिच्यावर चुकून घे.
ही कधी उठून बसली नाही,
आणि हिच्यासाठी बाहेर चटईवर
कुणी बसलेलंही नसतं.

हरमटान सुरू झालाय.
तमालेत आता दोन महिने सगळं पिठूळ,
सकाळी पुसलेला सलाईनचा स्टँड
दुपारी बोटाला लागतो.
आया लांबून येतात, तीनचाकीत, ओठ फुटलेले.
आधी मुलाकडे धावू नकोस, म्हणजे धाव,
पण धावता धावता ‘दासिबा’ म्हण,
तिचं ‘नाऽ’ येऊ दे.
बाहेरून आलेले ट्रेनर म्हणतील, यात वेळ जातो.
जातो.
पण जिनं ‘नाऽ’ म्हटलंय
ती मग खरं सांगते,
घरी मुलाला काय उगाळून पाजलंय ते.

आता बुधवारचं.
दर वर्षी औषधांच्या हिशेबाची परीक्षा असते.
दहा गणितं, दहापैकी दहा. नऊ म्हणजे नापास.
यंदा एक जण नापास झाली.
तुला कळेलच, भिंतीवर यादी आहे,
तेव्हा माझ्याच तोंडून ऐक.
सातवं गणित. शून्य पूर्णांक पाचऐवजी पाच.
चष्म्याचा नंबर बदललाय, असं मी सांगत सुटले.
चष्मा ठीक आहे.

सव्वीस वर्षांपूर्वी,
पहिल्याच महिन्यात, पलंग नंबर चारपाशी,
हेच टिंब माझ्या हातून निसटलं होतं.
सिरिंज भरलेली, हात अर्ध्या वाटेवर.
सनाटूनं मनगट धरलं.
ओरडली नाही. ‘परत मोज,’ एवढंच.
मी मोजलं. मग मागच्या व्हरांड्यात जाऊन
पायरीवर बसले, पाय उभे राहीनात.
तो पोरगा आता बाजारात टायर विकतो.
मला ओळखत नाही. का ओळखावं?
परवा पंक्चरचे पैसे मात्र जास्तच लावले त्यानं.

सनाटू गेली, तिला चार वर्षं झाली.
तिचं ट्रेनिंग कुठल्याच फाईलमध्ये नाही,
प्रमाणपत्रही नाही त्याचं.
माझ्या मनगटावर आहे, बघ, इथं,
दिसत नाही.

टिंबाच्या आधी शून्य लिही. नेहमी.
टिंबाला एकटं सोडायचं नाही, हरवतं ते.
आणि माझ्या केसांकडे बघून
गप्प राहू नकोस.
माझ्या हातात सिरिंज असेल आणि तुला शंका आली
तर धर मनगट.
मी रागावेन. मी रागीट आहे, विचार कुणालाही.
तरी धर.

उद्या माझी फेरपरीक्षा.
तो कागद घे, मला गणितं घाल.
सोपी नकोत.
मी उत्तर दिलं की लगेच ‘बरोबर’ म्हणू नकोस,
थांब जरा, चेहरा कोरा ठेव,
मला माझंच उत्तर पुन्हा बघू दे.

चल. मूल साडेसहा किलोचं.
आणि हो, त्या चपला काढ आधी.